निजू द्यायचं न्हाई

टेकडीवरचा दगड उलटला की खाली विंचू असायचाच. काळा निघाला तर बायका तो चपलेनं ठेचायच्या आणि पुढच्या दगडाला हात घालायच्या. पण लाल निघाला की आरोळी उठायची, "तांबडा हाय गं!" आणि सगळी ओळ पाट्या टाकून मागं सरायची.

त्या वर्षी सावरदऱ्याच्या विहिरींनी होळीआधीच तळ दाखवला होता. गुरं पाव्हण्यारावळ्यांकडं गेली, रानं उघडी पडली, आणि रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा सगळं गाव टिकाव-पाट्या घेऊन टेकडीखाली जमा झालं. भरावाला दगड हवा होता. म्हणून रोज थोडी थोडी टेकडी सोलली जायची आणि तिच्या पोटात गारव्याला बसलेले विंचू उन्हात उघडे पडायचे.

कोंडीराम आणि कलाबाई कामावर जोडीनं होते. तो पहारीनं दगड सुटा करायचा, ती चुंबळीवर पाटी घेऊन वाहायची. आणि त्यांची लेक प्रज्ञा त्याच गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती.

म्हणजे, होणार होती! पुण्याच्या कॉलेजातून परीक्षा पास झाली होती, पण वर्षभर इंटर्न म्हणून राबल्याशिवाय पूर्ण डॉक्टर होता येत नाही. त्यातले काही महिने खेड्यात काढायचे असतात. प्रज्ञानं हट्टानं आपलंच गाव मागून घेतलं. मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं होतं. "अगं, स्वतःच्या गावात तुला कोण डॉक्टर म्हणणार?"

खरंच कोणी म्हणत नव्हतं. मुकादम सूर्यभानची बायको पुष्पावती खोकत खोकत यायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायची.

"या काकू, तपासते."

"बसते की. मोठं डाक्टर येऊ दे."

"सर आज येणार नाहीत, पारनेरला मीटिंग आहे."

"मंग उद्या दाखवीन." असं म्हणून पुष्पावती तिथंच बसून राहायची, कारण साऱ्या गावात तेवढ्याच व्हरांड्याला धड सावली होती. खोकला फारच उसळला तर गोळ्या घ्यायची. पण तिचा हात कधी पुढं यायचा नाही. ती पदराचं टोक पसरायची आणि प्रज्ञानं गोळ्या वरून टाकायच्या. बोटाला बोट लागायचं नाही. पुण्यात प्रज्ञानं रात्रपाळ्या केल्या होत्या, रडणाऱ्या पोरांच्या इवल्या शिरा शोधल्या होत्या. पण त्या पदरात गोळ्या टाकताना तिचा हात दर वेळी पोरसवदा व्हायचा.

संध्याकाळी घरी आली की कलाबाई आधी तिच्या अंगातला पांढरा कोट काढून घ्यायची. टँकरच्या पाण्यातलं बादलीभर पाणी त्या कोटासाठी वेगळं ठेवलेलं असायचं. स्वतःच्या लुगड्याला आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी कोटाला नीळ लागायचीच.

"आई, राहू दे गं. कालच धुतलाय."

"गप बस. मळका कोट घालून जाशील आन लोक म्हंतील, बघा, ह्यांचं असंच असतं."

एका संध्याकाळी कोंडीराम उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता. "डॉक्टरीणबाई, आमच्या भेगा बघता का? का फी पडंल?"

"फी म्हणून एक शब्द द्या आबा. दगडाखाली हात घालायचा नाही. आधी पहारीनं उलटायचा, मग उचलायचा."

"अन इंचवाला विचारायचं, बाबा, उठतोस का?"

"हसू नका. तांबडा चावला तर चालत येऊ नका. उचलून आणायला सांगा."

"तू लहान हुतीस तवा तुला चावल्ता," कोंडीराम म्हणाला. त्याचा हा आवडता किस्सा होता. "दिवस मावळंस्तवर अंगणात फिरिवली तुला. डोळा लागला की फिरिव, डोळा लागला की पानी मार. निजू दिली न्हाई. म्हून तर डाक्टर झालीस!"

प्रज्ञा हसली. हा किस्सा तिनं इतक्यांदा ऐकला होता की आता तो कानावरून वाऱ्यासारखा जायचा. तिचं चित्त कोटाच्या खिशातून काढून ठेवलेल्या गोळ्यांच्या पाकिटात होतं. प्राझोसिन. नगरच्या मेडिकलमधून तिनं ते स्वतः आणलं होतं. तांबड्या विंचवावर ही गोळी चालते हे तिला पुण्यात वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरांनी दाखवलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, गार पडलेला माणूस गरम होताना दाखवला होता. पहिल्याच आठवड्यात तिनं ते इथल्या डॉक्टर रविकांत सरांच्या टेबलावर ठेवलं. सर वाईट नव्हते, पण वीस वर्षं या व्हरांड्यात काढून दमलेले होते. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं आणि परत सरकवलं. "पुण्याचं पुण्याला, प्रज्ञा. इथं नवं काही करून एखादा दगावला तर गाव तुला विचारणार नाही, मला विचारेल."

तेव्हापासून पाकीट तिच्या खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी सर जीप घेऊन पारनेरला गेले. ऊन चढल्यावर दवाखान्यासमोर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत दोन माणसांच्या मध्ये कोंडीराम बसवलेला होता. पुढून सूर्यभान उडी मारून उतरला, मागून कलाबाई. तिच्या डोक्यावर चुंबळ तशीच होती.

"इंचू," सूर्यभान म्हणाला. "तांबडा. मी सांगत हुतो, हात घालू नगं."

"न्हाई सांगितलं त्यांनी," कलाबाई म्हणाली. "घाई करा, घाई करा, एवढंच सांगितलं."

कोंडीराम लेकीकडं बघून हसला. "काय न्हाई गं. लई दुखत बी न्हाई."

प्रज्ञा पुढं झाली. दुखलं असतं तर बरं होतं! दुखणं कमी आणि घाम जास्त असला की घाबरायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोंडीरामचा सदरा अंगाला चिकटला होता. हात धरला तर हंड्याच्या बुडासारखा गार. पाय त्याहून गार. तिनं त्याला खाटेवर आडवं केलं आणि सदऱ्याच्या गुंड्यांना हात घातला. त्यानं गळ्यापाशी सदरा मुठीत धरला.

"सिस्टरबाईला बघू दे की."

"आबा, सोडा."

"तू नगं गं. पोर हायेस."

"सोडा म्हणते ना!" तिचा आवाज इतका चढला की व्हरांड्यातली पुष्पावती खोकायची थांबली. मूठ सुटली. छातीवर नळी ठेवली तर आत काळीज धावत सुटलेलं. दंडाला बीपीचा पट्टा बांधला. पारा वर चढला तो उतरायचं नाव घेईना.

तेवढ्यात कोंडीरामला उलटी झाली. इंदू सिस्टरनं भांडं धरलं. इंदू सिस्टर नोकरीत मुरलेली बाई. हात चपळ, बोलणं कोरडं.

"सलाईन लावते. नेहमीची दोन इंजेक्शनं काढते."

"सलाईन नको सिस्टर. आधीच हृदयावर ताण आहे, छातीत पाणी भरेल. मी गोळी देणार आहे."

"कसली?"

"बीपीची."

"चावलाय विंचू आणि गोळी बीपीची?" सिस्टरनं आवाज खाली आणला. "हे बघा डॉक्टर, तुम्ही इंटर्न आहात. सरांना विचारल्याशिवाय तुम्हाला आपल्या मनानं औषध देता येत नाही. त्यात बाप आहे तुमचा. काही झालं तर मी सरांना काय सांगू?"

"सांगा, प्रज्ञानं दिली."

सूर्यभान दारात आडवा उभा होता. त्याच्या कामावरचा माणूस होता, मेला असता तर चौकशी त्याच्याच दारात आली असती. "ए पोरी, खेळ नगं करू. ट्रॉली हुभी हाय, नगरला न्यूया."

"या रस्त्यानं? ट्रॉलीत आदळत? नाही न्यायचं, काका."

"तुला काय कळतंय? कोंडीराम, तूच बोल बाबा. पोरीचं ऐकायचं का?"

कोंडीरामनं ओठ पुसले. "न्हाई ऐकायचं तर शिकिवली कशाला मंग?"

बोलणं तिथंच संपलं. उलटी थांबेपर्यंत प्रज्ञा हातात पाकीट धरून उभी राहिली. ती वाट बघणं फार वाईट होतं. आपण बरोबर आहोत हे तिला माहीत होतं, आणि तरी मनात कोणीतरी सारखं म्हणत होतं, आणि नसलीस तर? पुण्यात चुकली असती तर पाठीमागं रेसिडेंट होते, त्यांच्या मागं मोठे सर होते. इथं तिच्या मागं भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं चित्र होतं.

मग तिनं गोळी दिली. घोटभर पाण्यानं ती खाली गेली आणि खालीच राहिली.

बऱ्याच वेळानं पारा थोडा उतरला. आणखी थोडा उतरला. प्रज्ञाच्या मानेवरची शीर सैल झाली. गावात फोन एकच होता, ग्रामपंचायतीत. सरांना निरोप द्यायला हवा होता. जीप लागली तर हाताशी असायला हवी होती.

"आई, मी फोन करून येते. आबांना आडवंच ठेवा. उठू द्यायचं नाही. सिस्टर, लक्ष ठेवा."

एवढंच बोलून ती धावली. का उठू द्यायचं नाही, ते बोलली नाही. वॉर्डात कोण कोणाला सांगतं? तिथं पेशंट खाटेवर असतो आणि खाटेवरच राहतो.

लाईन लागेपर्यंत तिनं पंचायतीतल्या टेबलाचा रंग नखानं खरवडून काढला. निरोप दिला. परत वळली आणि वाटेतच तिला छबूबाईचा गळा ऐकू आला. छबूबाई म्हणजे शेजारीण, कामावर कलाबाईच्या मागची पाटी तिची.

"गेला गं कोंडीराम! गेला!"

प्रज्ञा कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. व्हरांड्यात माणसांचं कडं होतं. मध्ये कोंडीराम जमिनीवर. चेहरा राखेसारखा. एका बगलेत कलाबाई, दुसरीत सूर्यभान, आणि दोघं मिळून त्याला पुन्हा उभा करायला बघत होते. इंदू सिस्टर ओरडत होती, "अहो सोडा, आतल्या बाळंतिणीला बघून येईपर्यंत काय केलंत हे!"

"डोळं मिटाया लागलं हुतं त्यांचं!" कलाबाईनं बगल सोडली नव्हती. "निजाया लागलं हुतं! निजला की इख चढतंय! म्हून उटिवलं, दोन पावलं चालिवलं, तर..."

"गोळीनं क्येलं हे," सूर्यभान म्हणाला. "बापाला कसली गोळी घातली हिनं, समद्यांनी बघितलंय."

"खाली ठिवा!" प्रज्ञा किंचाळली. पुण्याची भाषा तिच्या तोंडातून कुठल्या कुठं गेली होती. "आडवा करा! आई, सोड त्येला, सोड!"

तिनं जमिनीवर बसकण मारली, बापाचे दोन्ही पाय उचलले आणि आपल्या खांद्यावर घेतले. भेगाळलेल्या, टेकडीची तांबडी माती भरलेल्या टाचा निळीनं धुतलेल्या कोटावर टेकल्या. एका हातानं तिनं मनगट चाचपलं. काही लागेना. बोटं सरकवली. काही लागेना. मग फार खोलातून, रेतीखालून पाणी झिरपावं तशी, नाडी बोटाला लागली.

आणि त्या क्षणी तिला तो किस्सा ऐकू आला. कालचाच! डोळा लागला की फिरिव, डोळा लागला की पानी मार. गोळीनं रक्तदाब उतरलेला माणूस उभा केला तर कोसळणारच, हे तिला पुण्यानं शिकवलं होतं. आणि विंचू चावलेला माणूस सावरदऱ्यात उभा केला जातोच, हे तिला अंगणानं शिकवलं होतं. दोन्ही तिला येत होतं. या गावात दोन्ही येणारी ती एकटीच होती, आणि तिनंच दोन्हींची गाठ घातली नव्हती.

कोंडीरामनं डोळे उघडले. "पाय खाली घे गं," तो पुटपुटला. "कोट मळंल."

कलाबाईनं मोठ्यांदा गळा काढला.

चौघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवलं. खाटेच्या पायथ्याच्या खुरांखाली विटा सरकवल्या. पण जरा बरं वाटून कोंडीरामचे डोळे मिटायला लागले की कलाबाईचे हात पुन्हा त्याच्या खांद्याकडं जायचे. प्रज्ञाला कळलं, आता हिला दटावून उपयोग नाही. आपण पाठ फिरवली की ही पुन्हा त्याला उठवणार, कारण हिचा जीव आहे त्याच्यावर.

ती आईजवळ गेली. "आई, तुझं बरोबर हाय. त्येला निजू द्यायचं न्हाई. पर उभा बी करायचा न्हाई. पडल्या पडल्या जागा ठेवायचा. जमंल?"

"पडल्या पडल्या कसा ऱ्हाईल जागा?"

"भांड त्याच्याशी."

कलाबाईनं लेकीकडं बघितलं. मग पदर खोचून खाटेशेजारी बसली. "अवं, ऐकतायसा का? लगनात माझ्या भावाला टोपी घातली न्हाई तुमी."

"घातल्ती," कोंडीराम क्षीण आवाजात म्हणाला.

"घातल्ती! जुनी घातल्ती! तुमच्या आत्याच्या नवऱ्याची काढून!"

छबूबाई डोळे पुसता पुसता फिसकन हसली. "आन कला, ते घोरनं सांग की. आमच्या घरात ऐकू येतंय."

"घोरनं? अगं, म्हस परवडली! इतकी वर्सं झाली, येक रात धड झोपले न्हाई मी."

"मंग... कामावर डुलक्या कशा... काढतीस..."

दारातली माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. कोंडीरामला खोकला आला होता. प्रज्ञानं नळी त्याच्या पाठीला लावली, फुप्फुसांच्या तळाशी. पाणी भरलं असेल तर तिथं खरखर वाजते. ती डोळे मिटून ऐकत राहिली. एकदा या बाजूला, एकदा त्या. वारा नुसता येत होता आणि जात होता. तिनं ठीक असल्याची मान डोलावली आणि कलाबाईनं जिथं सोडलं होतं तिथून भांडण पुढं चालू केलं.

पण पाय अजून गारच होते.

"आई, हा अंगठा धरून बस," प्रज्ञा म्हणाली. "पायाचा. गरम झाला की मला सांग. सगळं त्याच्यावर हाय."

कलाबाईनं अंगठा मुठीत धरला. दुपार अशी सरत गेली. पत्रा तडतडत होता. प्रज्ञा पट्टा बांधायची, सोडायची, ऐकायची, पुन्हा बांधायची. छबूबाईचा गळा बसला तेव्हा बाकावरून पुष्पावतीनं तोंड घातलं, "कोंडीराम, आमच्या परसातली भित पडली ती कुनी रचल्ती रं?"

"तुमच्या मालकानं," खाटेवरून आलं. "म्हून तर... पडली."

सूर्यभान व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. मघापासून तो गेलाही नव्हता आणि त्याची ट्रॉलीही तिथंच उभी होती.

उन्हं कलताना कलाबाई एकदम म्हणाली, "पोरी, ये गं." प्रज्ञानं हात लावला. अंगठा कोमट होता. तुझ्या मुठीची ऊब असेल, असं ती म्हणणार होती, म्हणून तिनं दुसऱ्या पायाला हात लावला. तोही कोमट होता.

जीप आली तेव्हा सूर्य टेकडीच्या सोललेल्या पाठीवर टेकला होता. रविकांत सर पायरीवर सूर्यभानचं ऐकून घेऊन आत आले. विटांवरची खाट बघितली, न लावलेलं सलाईन बघितलं, प्रज्ञाच्या खांद्यावरचे मातीचे दोन डाग बघितले.

"कोणाला विचारून दिलीस?"

"कोणाला नाही, सर."

"पडला म्हणे मध्ये."

"हो सर. उभं केल्यावर काय होईल ते मी घरच्यांना समजावून सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. गोळी चूक नव्हती."

इंदू सिस्टर भिंतीकडं बघत होती.

"तुला इथले सगळे महिने पुन्हा काढायला लावू शकतो मी. माहितीये ना?"

"हो सर."

सरांनी नाडी धरली. छाती ऐकली, पाठ ऐकली. पट्टा स्वतः बांधला आणि पाऱ्याकडं फार वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली.

"पुढची गोळी कधी?" त्यांनी विचारलं.

प्रज्ञाला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिनं सांगितलं. सरांनी मान डोलावली, "पाकिटाचं नाव मला लिहून दे," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

माणसं हळूहळू पांगली. जाता जाता पुष्पावती खोलीच्या दाराशी थांबली. "माझ्या खोकल्याचं बघ की आता. आलेच हाये तर." प्रज्ञानं तिची छाती तपासली, गोळ्या काढल्या. पुष्पावतीनं नेहमीसारखा पदर पसरला. प्रज्ञा क्षणभर थांबली. मग तिनं गोळ्या बाजूच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "घ्या काकू. सकाळी एक, संध्याकाळी एक." आणि वळून बापाकडं गेली. मागं बांगड्या वाजल्या. पुष्पावतीनं गोळ्या हातानं उचलल्या होत्या.

कोंडीरामचे डोळे जड झाले होते. "आता निजू का गं?"

कलाबाईनं आधी मोठ्या डॉक्टरकडं बघितलं. सरांनी प्रज्ञाकडं बघितलं. प्रज्ञानं बापाच्या कपाळाला हात लावला, मग पायांना.

"निजा, आबा."

"तू म्हंतीस म्हून," कलाबाई बजावून म्हणाली. "पर अंगठा मी सोडनार न्हाई."

तिनं अंगठा आणखी घट्ट धरला. दिवाबत्तीची वेळ झाली. बराच वेळ कोंडीराम नुसता निश्चल पडून होता आणि कलाबाईची नजर त्याच्या छातीवरून हलत नव्हती. मग खाटेवरून, आधी हळू, मग चढत्या आवाजात, घोरणं सुरू झालं.

कलाबाईनं डोक्यावरची चुंबळ काढली. दिवसभर ती तशीच राहिली होती. ती उशाशी ठेवून तिनं खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि दुसऱ्याच घोरण्यासरशी तिला झोप लागली. अंगठा मुठीत तसाच होता.